टर्बो गाडीत वाइडबँड सेन्सर कुठे बसवावा: टर्बोच्या तोंडाशी, की दोन फूट खाली?

डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप, फॅब्रिकेटरच्या टेबलावर आडवा पडलेला असतो, त्याच्या हातात खडू असतो आणि तो विचारतो, "सेन्सरचा नट कुठं लावू?" हा सेन्सर म्हणजे वाइडबँड: एक्झॉस्टच्या वायूवरून पेट्रोल-हवेचं मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी), आणि किती, ते गेजवर दाखवणारा. उत्तर त्याच क्षणी तयार असावं लागतं. एकदा आर्गन वेल्डिंगने नट बसला की जागा बदलणं सोपं नाही. पाइप पुन्हा उतरवा, जुनं भोक बुजवा, नवं पाडा. मी हे सगळं केलं आहे. गाडी तीच, गेज तेच, इंधनाचा मॅपही (कधी किती पेट्रोल मारायचं याचा तक्ता) जवळपास तोच, फक्त सेन्सरची जागा दोन वेळा वेगळी. म्हणून ज्यांचा पाइप अजून टेबलावर आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझी गाडी २००४ ची ऑक्टाविया आरएस, १.८ लिटर, वीस व्हॉल्व्हवाली. इंजिन आडवं आणि टर्बो मागच्या बाजूला, म्हणजे इंजिन आणि फायरवॉल यांच्या बेचकीत. ही बेचकी लक्षात असू द्या, माझा निर्णय शेवटी तिनेच केला. डाउनपाइप तीन इंचाचा करून घेतला आहे. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला नाही, जास्त प्रवाहाचा बसवला आहे, आणि तो काढावा असं मी कुणालाच सुचवणार नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ठासून सांगतो. कंपनीचा सेन्सर जिथे आहे तिथेच राहू द्या. कंपनीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, माहीत असतं की इंजेक्टरने आत्ता पेट्रोल मारलं तर त्याचा परिणाम सेन्सरपर्यंत किती वेळाने पोहोचणार. त्या हिशोबानेच तो मिश्रण वर-खाली करतो. सेन्सर खाली सरकवला की तो हिशोब चुकतो आणि आयडलला गाडी झुलायला लागते. एकाने डाउनपाइप बदलताना कंपनीचा सेन्सर सोयीसाठी फूटभर खाली घेतला होता. सिग्नलला उभी असताना त्याची गाडी दम लागल्यासारखी श्वास घ्यायची. नवीन नट लावायचा तो नवीन वाइडबँडसाठी, कंपनीच्या सेन्सरसाठी नव्हे.

टर्बोच्या आधी

एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी सेन्सर लावायचा मोह अनेकांना होतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. तिथला वायू ताजा असतो, सेन्सर पटकन तापतो, आणि टर्बोचं सील गळायला लागलं तरी त्याचं तेल सेन्सरवर येत नाही. सुबारूने इजे इंजिनाच्या काही टर्बो गाड्यांत कंपनीचा पुढचा सेन्सर टर्बोच्या आधीच ठेवला होता, म्हणजे ही जागा चालतच नाही असं म्हणता येणार नाही. पण कंपनीला ते इंजिन आतून-बाहेरून ठाऊक असतं, आपल्याला आपल्या मॅपपलीकडे फारसं काही ठाऊक नसतं.

अडचण दाबाची आहे. वाइडबँड सेन्सर एका बारीक फटीतून आत शिरणारा वायू मोजतो. बाहेरचा दाब वाढला की त्या फटीतून जास्त वायू शिरतो आणि सेन्सरचा करंट वाढतो. लॅम्ब्डा हे मिश्रणाचं माप: १ म्हणजे नेमकं, त्याखाली रिच, त्यावर लीन. लॅम्ब्डा १ ला करंट शून्यच असतो, तिथे चूक होत नाही. पण १ पासून जितकं लांब जाल तितकी चूक फुगते. रिच असेल तर आहे त्याहून रिच दिसतं, लीन असेल तर आहे त्याहून लीन. आणि टर्बोच्या आधीचा दाब बूस्टइतकाच (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या दाबाइतकाच) असतो असं समजू नका. छोट्या टर्बोवर वरच्या आरपीएमला तो बूस्टच्या पुष्कळ पुढे जातो.

आता ही चूक कुठल्या बाजूला पडते ते बघा. पूर्ण बूस्टला मिश्रण रिचच असतं, म्हणजे गेजवर ते आणखी रिच दिसणार. बघणारा म्हणणार, पेट्रोल वाया चाललंय, थोडं कमी करू. सांगलीच्या माझ्या मित्राने नेमकं हेच केलं. त्याच्या गेजवर बूस्टमध्ये ०.७८ यायचं, त्याने मॅपमध्ये पेट्रोल कमी करत ते ०.८३ वर आणलं आणि खूश झाला. दोन महिन्यांनी काही कारणाने डाउनपाइप उतरवला तेव्हा सेन्सर खाली हलवला, आणि त्याच मॅपवर गेजने ०.८८ दाखवलं. प्लग काढून पाहिले तर पोर्सेलिन पांढरंफटक आणि त्यावर मिरीच्या पुडीसारखे बारीक करडे ठिपके. ते ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे होते. इंजिन वाचलं, पण थोडक्यात वाचलं. दाब मोजून त्याची दुरुस्ती करणारे कंट्रोलर (सेन्सर आणि गेज यांच्यामधला डबा) मिळतात, पण मग टर्बोच्या आधी दाबाचा सेन्सरही लावावा लागतो. एका कामासाठी दोन भोकं.

शिवाय सेन्सरचं टोक आत सिरॅमिकचं असतं. ते तडकून त्याचा तुकडा सुटला तर मॅनिफोल्डमधून सरळ टर्बाइनच्या पात्यांवर जातो. खालच्या पाइपमध्ये तसं झालं तर नुकसान फार तर कॅटचं. मी ही जागा यादीतून काढली ती मुख्यतः या भीतीने.

कॅटच्या मागची जागा आणि सायलेन्सरच्या टोकाला क्लॅम्पने अडकवायची जागा यावर फार लिहिण्यात अर्थ नाही. कॅट स्वतःच ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे त्याच्या मागे मिश्रणाचं खरं चित्र दिसत नाही. टोकाला आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) तासाभरासाठी दुसऱ्याची गाडी तपासायची असेल तर क्लॅम्प ठीक आहे, रोजच्या गाडीत नको.

तोंडाशी, की दोन फूट खाली

खरा प्रश्न या दोन जागांचाच आहे. पहिली म्हणजे टर्बोच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, डाउनपाइपच्या पहिल्या वळणात. दुसरी म्हणजे दीड-दोन फूट खाली, कॅटच्या आधीच्या सरळ तुकड्यात. वाइडबँडच्या किटसोबत येणाऱ्या सूचनापत्रकांत बहुतेक ठिकाणी टर्बोच्या पुढे साधारण दीड ते दोन फूट असंच लिहिलेलं असतं. मी ते वाचलं होतं, आणि तरीही पहिल्यांदा तोंडाशीच बसवला.

कारण होतं वेग. मॅप बनवून देणारा माणूस लांबच्या शहरात, मी लॉग काढून पाठवायचो. त्याचं म्हणणं, सेन्सर जितका जवळ तितका आकडा ताजा, तितका मॅप अचूक. ऐकायला ते पटतं. नंतर मी वहीत साधा हिशोब मांडला. तीन इंचाचा पाइप, १.८ लिटरचं इंजिन, तापून फुगलेला वायू. आयडलला वायू इतका सावकाश चालतो की साठ सेंटिमीटर जायला त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. पण पूर्ण बूस्टला, पाच हजार आरपीएमला, तेवढंच अंतर तो पाचेक मिलिसेकंदांत कापतो. सेन्सरला स्वतःला जागं व्हायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे आपण जिथे आकडा डोळ्यांत तेल घालून बघतो त्या बूस्टमध्ये जवळच्या जागेचा फायदा जवळजवळ शून्य, आणि जिथे फायदा आहे त्या आयडलला तो माझ्यासारख्या नुसतं गेज बघणाऱ्याला लागत नाही. हिशोब ढोबळ आहे, पण दोन्ही जागांचे लॉग शेजारी ठेवून पाहिले तेव्हा बूस्टच्या ओळीत मला तरी फरक दिसला नाही. आयडलला थ्रॉटल सोडल्यावर मात्र खालचा सेन्सर किंचित मागून येतो, हे खरं.

वायू मिसळण्याचा मुद्दाही खालच्याच बाजूने जातो. टर्बाइन वायू छान घुसळून देतं, पण वेस्टगेट (बूस्ट आवरायला वायू बाजूने सोडणारी झडप) उघडला की त्यातून आलेला झोत टर्बाइनला वळसा घालून बाजूने येतो आणि तोंडाशी दोन प्रवाह एकमेकांवर आपटतात. तोंडाशी बसवलेला सेन्सर त्यातल्या कुठल्या झोतात उभा आहे हे नट कुठल्या कोनात लागला यावर ठरतं. माझ्या गेजवर वेस्टगेट उघडताना आकडा क्षणभर थरथरायचा. खाली आल्यावर ती थरथर गेली. याचं श्रेय फक्त जागेला द्यावं का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण त्याच वेळी सेन्सरही नवा घातला होता.

मग येते उष्णता, आणि इथून माझी खरी कथा सुरू होते.

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे आम्ही वर्षातून बऱ्याचदा जातो. परतीच्या वाटेवर साखरपा सोडलं की आंबा घाटाची चढण लागते. मे महिना, गाडीत चौघे, एसी चालू, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सलग बूस्ट. घाटाच्या निम्म्यात आल्यावर गेजवरचा आकडा हळूहळू लीनकडे सरकायला लागला. ०.८० चा ०.८४, मग ०.८७. मी पाय काढला. थोड्या वेळाने आकड्याच्या जागी एरर आला आणि गेज गप्प झालं. वर आंब्याला चहाला थांबलो, वीस मिनिटांनी गाडी सुरू केली तर गेज पुन्हा नीट.

मला वाटलं, पेट्रोलचा पंप मान टाकतोय. घरी येऊन फिल्टर बदलला, प्रेशर मोजून घेतलं, इंजेक्टर साफ करून घेतले. काहीच निघालं नाही. पेट्रोल पुरेसं जात होतं, सेन्सरचं अंग भाजत होतं. बॉशच्या एलएसयू ४.९ या वाइडबँड सेन्सरला वायूचं तापमान ९३० अंशांपर्यंत सतत चालतं, पण त्याच्या षटकोनी अंगाला ६०० अंशांची मर्यादा आहे. माझ्याकडे त्याहून जुना ४.२ होता. टर्बाइन वायूतली उष्णता थोडी खाऊन टाकतं, टर्बोच्या आधीपेक्षा नंतरचं तापमान चांगलं शंभरेक अंशांनी उतरतं, पण तोंडाशी नुसता वायू नसतो. शेजारी लाल झालेलं टर्बोचं बीड असतं, वर हीट शील्ड असते, मागे फायरवॉल, आणि त्या बेचकीत वारा म्हणून शिरत नाही. सेन्सरचा नट चारी बाजूंनी भाजत राहतो. तांब्याची कॉलर मिळते, उष्णता बाहेर फेकणारी, ती लावून पाहिली. फरक पडला, पण तिलाही वारा लागतोच, आणि तिथे वारा नव्हता.

तरीही एवढ्याने मी जागा बदलली नसती. असे घाट वर्षात दहा-बारा वेळा, तेवढ्यापुरता पाय हलका ठेवला असता. जागा बदलायला लावली ती सेन्सर काढण्याच्या कटकटीने.

काढता येतो का?

माझ्या कंट्रोलरला ठरावीक काळाने मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन लागतं. सेन्सर पाइपमधून काढायचा, मोकळ्या हवेत लोंबकळत ठेवायचा, तापू द्यायचा आणि बटण दाबायचं. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, कोल्हापूरलाही आणि लडाखलाही. दुकानदार तराजूची वजनं तपासायला नेतो तसं हे सेन्सरचं वजन तपासणं आहे, आणि वजन फुकट मिळतंय. टर्बो गाडीत सेन्सर लवकर थकतो, म्हणून ही तपासणी इतर गाड्यांपेक्षा जास्त वेळा करावी लागते. आणि सेन्सर जितका भट्टीजवळ तितका लवकर थकणार, म्हणजे ज्या जागेतून तो काढायला सर्वांत अवघड, त्याच जागेतून तो सर्वांत जास्त वेळा काढावा लागणार. हे गणित मला तीन वेळा सेन्सर काढल्यावर उमगलं.

पहिल्यांदा दोन तास गेले. वरून हात जात नाही, कारण फायरवॉल. खालून जातो, पण मध्ये उजवा ड्राइव्हशाफ्ट. हीट शील्डचे तीन बोल्ट, त्यातला एक दिसतच नाही, बोटांनी चाचपून पाना बसवायचा. सेन्सरचा षटकोन २२ चा. त्याला वायर जायला बाजूने चीर दिलेला खास सॉकेट येतो, पण त्या सॉकेटला फिरवायला जागा म्हणजे एका वेळी घड्याळातली पाच मिनिटं. फिरवा, काढा, पुन्हा बसवा, पुन्हा पाच मिनिटं.

दुसऱ्यांदा सेन्सर हलेचना. गॅरेजवाल्या मामांनी डब्ल्यूडी फोर्टी मारून रात्रभर ठेवला, सकाळी निघाला. निघताना करकरला तो आवाज मला आवडला नव्हता.

तिसरी वेळ पावसाळ्यानंतरची, ऑक्टोबरातली. गाडी रॅम्पवर, मामा खाली. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलेलं, कारण नट कोमट असताना सेन्सर सुटतो, थंड असताना स्टीलला स्टील चिकटून बसतं. मामांनी चामड्याचा हातमोजा घातला होता तरी मनगटाच्या वर उघड्या हाताला डाउनपाइप लागला आणि चटका बसला. त्यांनी हात काढला नाही. सॉकेट अर्धा इंच फिरला, थांबला, परत अर्धा इंच. मग फिरणं एकदम हलकं झालं, आणि मामा म्हणाले, "भावा, सेन्सर निघाला न्हाई, आटं निघालं."

खाली उतरलेला सेन्सर बघितला. त्याच्या आट्यांत नटाच्या आट्यांची स्टीलची तार गुंडाळलेली होती, अख्खी, चार-पाच वेढे. नटात आता फक्त गुळगुळीत भोक. १८ चा टॅप मारून आटे वाचवायचा प्रयत्न करायचा तर टॅप धरायला तिथे जागा नाही. म्हणजे डाउनपाइप उतरवायचा, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट सोडवायचा, म्हणजे दोन दिवस.

"हितं परत लावायचा?" मामांनी विचारलं. त्यांच्या मनगटावर फोड यायला लागला होता. मी म्हणालो, नाही मामा, खाली घेऊ.

उद्यमनगरात लेथवर स्टेनलेसचा नवा नट काढून घेतला, जरा जाड भिंतीचा. जुन्या भोकात स्टीलचं बूच बसवून आर्गनने बंद केलं. नवी जागा टर्बोच्या तोंडापासून साठ सेंटिमीटरवर, कॅटच्या आधीच्या सरळ तुकड्यात. ही जागा मी आधी गाडी रॅम्पवर घेऊन, पाइप बसवलेला असताना, खडूने मारून ठेवली होती. सॉकेटचा दांडा पूर्ण फिरतो ना, वायर ड्राइव्हशाफ्टला आणि पाइपला घासत नाही ना, हे बघून मगच पाइप उतरवला. हे नक्की करा. टेबलावर पडलेल्या पाइपवर प्रत्येक जागा मोकळीच दिसते.

त्यानंतर सेन्सर काढायला लागणारा वेळ मी एकदा बघितला होता. रॅम्पवर गाडी चढल्यापासून सात मिनिटं.

खालच्या जागेची बाजू पूर्ण स्वच्छ नाही

खाली आणलं म्हणजे सगळं सुटलं, असं नाही. दोन त्रास नवे आले.

पहिला पाण्याचा. थंड इंजिन सुरू केल्यावर पाइपमध्ये वाफेचं पाणी होतं आणि ते खाली उतरत जातं. तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकतं. तोंडाशी हा धोका कमी, कारण तिथे पाइप लगेच तापतो. खाली तो राहतो, आणि आमच्याकडे जुलैत तो खरा राहतो. उपाय कोनाचा आहे. सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला हवा, घड्याळात दहा ते दोनच्या मध्ये, आडव्या रेषेपासून निदान दहा अंश वर, म्हणजे पाणी टोकाशी साठत नाही. पाइपच्या पोटात खालून लावलेला सेन्सर एका पावसाळ्याचा पाहुणा समजा. मी तो अकरा वाजता ठेवला आहे. शिवाय इंजिन सुरू होण्याआधी सेन्सर तापवत ठेवायचा नाही. माझं गेज किल्ली फिरवताच चालू व्हायचं, ते मी इंजिन सुरू झाल्यावरच वीज मिळेल असं जोडून घेतलं. उलट टोकाचीही चूक होते. गेज बंद पडलं म्हणून वायर काढून टाकतात आणि सेन्सर पाइपमध्ये तसाच थंड ठेवून महिनोन् महिने गाडी चालवतात. न तापलेल्या सेन्सरवर काजळी बसते आणि तो तसाच मरतो.

दुसरा त्रास गळतीचा. तोंडापासून दोन फुटांत एखादा जोड येतोच. जोड किंचित जरी सुटला तरी कमी लोडला प्रवाहाच्या धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज उगाच लीन दाखवतं. माझ्या पाइपला व्ही-बँड (गोल क्लॅम्पचा जोड) आहे, तो बसल्यापासून हा प्रश्न आलेला नाही. साध्या फ्लँजला गॅस्केट असेल तर मात्र दर काही महिन्यांनी जोडाभोवती काळी रेघ दिसते का, ते बघत राहा.

वायर लांब लागते, हा तिसरा म्हणावा तर म्हणा. ४.२ असेल तर एक काळजी घ्या. तो तुलनेसाठी लागणारी हवा स्वतःच्या वायरीतून घेतो. म्हणून कनेक्टरमध्ये ग्रीस भरायचं नाही, स्प्रे मारायचा नाही आणि कनेक्टर चिखलाच्या वाऱ्यात लोंबकळत सोडायचा नाही. मी तो वर, गिअरबॉक्सच्या बाजूला बांधून घेतला आहे.

आंबा घाट? तोच रस्ता, तेच चौघे, पुढच्या मे महिन्यात पुन्हा चढलो. गेज वर आंब्यापर्यंत ०.८० आणि ०.८१ च्या मध्ये राहिलं, एरर आला नाही. एका घाटावरून सगळं ठरवू नये हे मला मान्य आहे, पण त्यानंतरचे घाटही तसेच गेले.

तोंडाशीच लावणं कुणाला बरं पडेल

आपल्या गाडीत टर्बो पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या मागे असेल आणि बॉनेट उघडल्यावर हात सरळ पोहोचत असेल, तर माझी निम्मी तक्रार तिथेच संपते. कंट्रोलर ४.९ चा असेल तर बहुतेकांना मोकळ्या हवेचं कॅलिब्रेशन लागत नाही, सेन्सरच्या कनेक्टरमधल्या रेझिस्टरवरून ते स्वतःच जुळवून घेतात. तरी मी ४.९ सुद्धा वर्षातून एकदा काढून हवेत २०.९ दाखवतो का हे बघीन, कारण ज्या आकड्यावर पिस्टनचा जीव आहे तो आकडा तपासता आलाच पाहिजे. आणि कंपनीचा ईसीयू काढून स्वतंत्र ईसीयू बसवला असेल, तो वाइडबँड बघून आयडललासुद्धा मिश्रण सांभाळत असेल, तर आयडलचा तो अर्धा सेकंद महत्त्वाचा ठरतो. तिथे सेन्सर थोडा वर, फूटभरावर घेण्यात अर्थ आहे. पण अगदी वीतभरावर नको, असं माझं मत.

बाकी, रोज चालणारी, घाट चढणारी, पावसात फिरणारी गाडी असेल आणि गेज फक्त बघण्यासाठी व मॅप तपासण्यासाठी असेल, तर मी दोन फूट खाली जाईन. टर्बो मागच्या बाजूला असेल तर दुसरा विचारही करणार नाही.

जाता जाता गेजबद्दल एक. आकडा १४.७ च्या भाषेत, म्हणजे हवा आणि पेट्रोलच्या वजनाच्या प्रमाणात, न ठेवता लॅम्ब्डात ठेवा. सेन्सर मोजतो लॅम्ब्डाच, गेज त्याला १४.७ ने गुणून दाखवतं, आणि तो गुणाकार शुद्ध पेट्रोलचा आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्याचं खरं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. गेज ११.८ म्हणेल तेव्हा टाकीतल्या पेट्रोलच्या हिशोबाने ते ११.८ नसतंच. लॅम्ब्डात ०.८० म्हणजे ०.८०, कुठलंही पेट्रोल भरा.

सेन्सर बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस अगदी पातळ लावा, टोकाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नका. टॉर्क ४० ते ६० न्यूटन मीटर, मी ४५ ला थांबतो. गेल्या ऑक्टोबरात सेन्सर काढला तेव्हा आटे चकचकीत होते, टोकावर फिकट तपकिरी रंग, काजळी नाही. मामांनी तो कापडात धरून उजेडाकडे फिरवून बघितला आणि हातमोजा न घालताच परत बसवला.